शाळेतला बदल घरापर्यंत



जून महिना आला की शाळेचे दार उघडते आणि दारावर एखादा नवा कागद चिकटवलेला दिसतो. वेळ बदलली, गणवेश बदलला, मुख्याध्यापक बदलले, एक तुकडी कमी झाली, गणित इंग्रजीतून सुरू झाले. कागद लावणाऱ्याला वाटते, आपण सांगून मोकळे झालो. पण ज्याच्यासाठी तो लावला तो बाप त्या वेळी शेतावर असतो आणि आई बाजाराच्या वाटेवर असते. बदल शाळेत होतो खरा, पण तो निभावावा लागतो घराला. म्हणून शाळेतला बदल घरापर्यंत कसा पोचवावा, या साध्या वाटणाऱ्या गोष्टीविषयी आज बोलायचे आहे.

हे बोलताना मी डोळ्यांपुढे एक विशिष्ट शाळा ठेवणार आहे. ती म्हणजे कॅथलिक संस्थेने चालवलेली माध्यमिक शाळा. आपल्या श्रोत्यांपैकी अनेकांना ती परिचयाची आहे. वसईच्या पट्ट्यात, पालघरच्या आदिवासी भागात, नाशिक आणि नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतल्या गावांत आणि गोव्यात अशा शाळा आहेत. कुणी तिला ‘मिशनची शाळा’ म्हणते, कुणी ‘फादरची’, कुणी ‘सिस्टरांची’. नावावरून ती एका धर्माच्या लोकांची वाटते, पण वर्गात जाऊन हजेरीपट वाचा. डिसोजा आणि रॉड्रिग्ज यांच्याबरोबर पाटील, शेख, वरठा, भोईर अशी सगळी नावे तिथे ओळीने भेटतील. कितीतरी ठिकाणी ख्रिस्ती मुले थोडी आणि इतर धर्मांची मुले जास्त, असेच चित्र असते.

यामुळे या शाळेचे काम थोडे अवघड होते. तिच्या पाठीशी दोन प्रकारची घरे आहेत. काही घरे शाळेला चर्चमधूनही ओळखतात. रविवारी मिस्सा झाली की तिथल्या तिथे फादरना विचारता येते, “काय हो फादर, शाळेचं काय ठरलं?” दुसरी घरे मात्र शाळेला फक्त फाटकाबाहेरून ओळखतात. रविवारी चर्चमध्ये जे जाहीर झाले ते सोमवारी त्यांच्यापर्यंत पोचते ते अर्धवट, आणि बुधवारपर्यंत त्याची अफवा झालेली असते.

आता कुणी विचारील, “संस्था त्यांची, शाळा त्यांची. कारभार त्यांनी बघावा. पालकांना एवढं सांगत बसायचं कारण काय?” याचे उत्तर बाहेर शोधायला नको, ते खुद्द कॅथलिक परंपरेतच आहे. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती. त्या परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये शिक्षणावर एक घोषणापत्र काढले. मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक त्यांचे आईवडीलच होत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे शाळा ही आईबापांच्या कामाला हातभार लावणारी. पुढे १९८३ साली चर्चचा जो सुधारलेला कायदा प्रसिद्ध झाला, त्यात तर शिक्षकांनी पालकांशी अगदी जवळून सहकार्य करावे, त्यांचे म्हणणे मनापासून ऐकावे, पालकांचे संघ आणि सभा स्थापन कराव्यात व त्यांना मान द्यावा, असे सांगितले आहे. पालकांना सांगणे ही संस्थेची मेहेरबानी नव्हे, तिच्याच नियमाने तिच्यावर घातलेले ते काम आहे.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. अल्पसंख्य समाजांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क संविधानाच्या तिसाव्या कलमाने दिला आहे. अठ्ठाविसाव्या कलमाने दुसरी बाजू सांभाळली आहे. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही धर्मशिक्षण घेण्याची किंवा प्रार्थनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर त्यासाठी पालकाची संमती लागते. संमती हा शब्द नीट ऐका. ज्याला माहितीच नाही तो संमती कशाला देणार? आधी कळायला हवे, मग हो किंवा नाही म्हणता येते.

आता बदल कोणकोणते होतात ते पाहू. ढोबळ मानाने चार प्रकार करता येतील: माणसांचा बदल, वेळेचा बदल, भाषेचा बदल आणि पैशाचा बदल.

माणसांचा बदल हा या शाळांचा खास प्रकार आहे. धर्मभगिनींची किंवा धर्मगुरूंची बदली त्यांच्या संघाकडून होते. पंधरा वर्षे एकच मुख्याध्यापिका असे सहसा होत नाही. ज्या सिस्टरांनी मोठ्या बहिणीला शिकवले त्या धाकटीच्या वेळी दुसऱ्या प्रांतात गेलेल्या असतात. शिवाय कितीतरी ठिकाणी धर्मभगिनींची संख्या पूर्वीइतकी राहिलेली नाही. त्यामुळे जिथे पिढ्यान्‌पिढ्या सिस्टर मुख्याध्यापिका होत्या, तिथे एखादे संसारी सर किंवा बाई त्या खुर्चीवर बसतात. कधी एक संघ निघून जातो आणि दुसरा संघ किंवा धर्मप्रांत कारभार हाती घेतो.

संस्थेच्या दृष्टीने ही कागदोपत्री गोष्ट आहे. पण गावात काय बोलले जाते ते ऐका. “सिस्टर गेल्या म्हणे. आता शिस्त कुठली राहते?” “शाळा विकली म्हणतात.” “पोरींना आता कोण बघणार?” या बोलण्यामागे एक खरी चिंता आहे. एखाद्या आईने आपली तेरा-चौदा वर्षांची मुलगी गावाबाहेरच्या शाळेत धाडली ती काही इमारत बघून नाही. तिथे सिस्टर आहेत, त्या लक्ष ठेवतील, या भरवशावर तिने धाडली. ज्या माणसावर भरवसा ठेवला ते माणूस न सांगता गेले, तर भरवसाही त्याच्याबरोबर निघून जातो. म्हणून जाणाऱ्या मुख्याध्यापिकेने येणाऱ्या मुख्याध्यापकाला हाताशी धरून पालकांसमोर उभे करावे आणि सांगावे, “मी जाते आहे. हे येत आहेत. मुलींच्या येण्याजाण्याची व्यवस्था पूर्वीसारखीच राहील, आणि काही अडचण आली तर या बाईंना भेटा.” एवढ्या चार वाक्यांनी निम्म्या अफवा जागीच थांबतील.

दुसरा बदल वेळेचा. ऐकायला हा सर्वांत किरकोळ, पण खेड्यात याचाच घाव खोल बसतो. समजा, खोल्या अपुऱ्या पडतात म्हणून शाळेने वरचे वर्ग दुपारऐवजी सकाळी सात वाजता भरवायचे ठरवले. शहरात काय होईल? गजर अर्धा तास आधी लावावा लागेल. पण पाच-सहा मैलांवरच्या पाड्यावर काय होईल ते पाहा. एस.टी.ची पहिली गाडी पावणेसातला फाट्यावर येते. ती शाळेपाशी पोचेपर्यंत साडेसात होतात. मुलगा असेल तर सायकल मारील, कुणाच्या मोटारसायकलीवर मागे बसेल. मुलीला अंधारात एकटीला धाडायला घर तयार नसते. पहिला आठवडा ती उशिरा पोचते, उशिरा आली म्हणून वर्गाबाहेर उभी राहते. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस घरी राहते. गणपतीपर्यंत तिचे नाव हजेरीपटावर असते, पण ती नसते. आणि दिवाळीनंतर विचारले तर घरचे म्हणतात, “तिला शाळेची आवडच नाही.”

आवड नव्हती असे नाही, गाडी नव्हती. वेळ बदलण्यापूर्वी शाळेने एवढेच विचारले असते की, “तुमच्या पाड्यावरून पहिली गाडी किती वाजता?” तर हे लक्षात आले असते. मग आगारप्रमुखांना शाळेच्या शिक्क्याचे पत्र देता आले असते, गाडी अर्धा तास अलीकडे आणण्याची खटपट करता आली असती, किंवा त्या पाड्यावरच्या मुलांपुरती पहिली हजेरी साडेसातला घेता आली असती. घराला विचारणे म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे. जी माहिती शाळेजवळ नाही आणि घराजवळ आहे, ती मिळवण्याचा तो एकच मार्ग आहे.

तिसरा बदल भाषेचा. यावर घराघरांत वाद होतात. मराठी माध्यमाच्या अनेक शाळांनी सेमी-इंग्रजी वर्ग काढले आहेत, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. काही संस्थांनी शेजारी इंग्रजी माध्यमाची शाळा काढली आणि मराठीचे वर्ग हळूहळू आटत गेले. वसईतला ख्रिस्ती समाज घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलतो, मराठीत वाचतो-लिहितो, मराठीत प्रार्थना करतो. तिथे मराठी तुकडी बंद होणे हा निव्वळ शाळेचा प्रश्न राहत नाही.

या बाबतीत गोव्याचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. १९९० साली गोव्यात असा निर्णय झाला की सरकारी अनुदान हवे असेल तर प्राथमिक शिक्षण मराठी किंवा कोकणीतून द्यावे. तोवर चर्चच्या अखत्यारीतील बऱ्याच प्राथमिक शाळा इंग्रजीतून चालत होत्या. त्यांनी कोकणीचा स्वीकार केला. चौथीपर्यंत कोकणी आणि पाचवीपासून, म्हणजे माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर, इंग्रजी, असा क्रम तिथल्या मुलांच्या वाट्याला आला. २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला. एक बाजू मातृभाषेसाठी रस्त्यावर उतरली, दुसरी बाजू पालकांच्या निवडीच्या हक्कासाठी उभी राहिली. दोन्ही बाजूंचे म्हणणे मनापासूनचे होते. कोण बरोबर याचा निवाडा आज येथे करायचा नाही. आपण एवढेच पाहू, की भाषेचा बदल वरून येतो, सरकारातून किंवा संस्थेतून, पण त्याचा भार पडतो तो रात्री मुलाचा अभ्यास घेणाऱ्या आईवर. काल ती मुलाला उत्तर सांगू शकत होती. आज पुस्तक बदलले आणि ती गप्प झाली. तिला हे आधी कळले, तर ती शिकवणीची, शेजारच्या शिकलेल्या मुलीची, काहीतरी सोय पाहील. जूनमध्ये पुस्तक उघडल्यावर कळले, तर तिच्या हाती काय राहते?

म्हणून सेमी-इंग्रजी सुरू करणाऱ्या शाळेने तीन प्रश्नांची उत्तरे पालकांनी विचारण्याआधीच द्यावीत. एक, हा वर्ग ऐच्छिक आहे की सगळ्यांना सक्तीचा? दोन, जे मूल मराठीतून शिकत आले त्याला पहिल्या वर्षी जादा तास मिळतील का? आणि तीन, मुलाला झेपले नाही तर मराठी तुकडीत परत येता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर “नाही” असेल तर तेही स्पष्ट सांगावे. खरे “नाही” घराला परवडते, पण “बघू पुढे” हे परवडत नाही.

चौथा बदल पैशाचा. याबद्दल महाराष्ट्रात कायदाच आहे. शैक्षणिक संस्थांच्या शुल्काचे नियमन करणाऱ्या २०११ च्या अधिनियमाने खासगी शाळांना पालक-शिक्षक संघ स्थापन करायला सांगितले आहे, आणि तोही शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत. शुल्कवाढीचा प्रस्ताव पुढचे वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. हे सहा महिने का ठेवले असतील? घराला जुळवाजुळव करायला वेळ मिळावा म्हणून. भातकापणी झाल्यावर हातात पैसा येतो, कोळ्याच्या घरी नारळी पौर्णिमेनंतर होड्या लोटल्यावर येतो. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, कुणाचाच हात सैल नसतो. गणवेशाचा रंग बदलायचा असेल तर हाच हिशेब लावावा. दोन भावंडांचे दोन-दोन जोड म्हणजे एका मजुराचे किती दिवस, हे फलकावर कागद लावण्यापूर्वी मनाशी मोजावे. जुना गणवेश वर्षभर चालेल एवढी एक ओळ त्या कागदावर असली तरी किती घरांना हायसे वाटेल!

आता निरोप मधल्या वाटेत कुठे हरवतो ते पाहू.

शाळा चिठ्ठी देते ती मुलाच्या हाती. चिठ्ठी दप्तरात तळाला जाते. ती सापडली तरी तिची भाषा अशी असते: “सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, प्रशासकीय कारणास्तव आगामी शैक्षणिक वर्षापासून शालेय वेळापत्रकात उचित फेरबदल करण्यात येत असून त्याची नोंद घ्यावी.” सांगा बघू, यातून एखाद्या आईला काय कळले? कोणत्या वर्गाची वेळ बदलली? किती वाजता? का? तिने काय करायचे? फक्त “नोंद घ्यावी”. नोंद कशाची घ्यावी हेच त्यात नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तर ही चिठ्ठी इंग्रजीत असते आणि ती मूलच आईला वाचून दाखवते. निरोप मुलाबद्दलचा असेल, तर ते मूल त्यातले काय वाचील आणि काय गाळील हे वेगळे सांगायला नको.

हीच चिठ्ठी अशी लिहून पाहा: “पालकहो, नमस्कार. येत्या जूनपासून आठवी, नववी आणि दहावीची शाळा दुपारी साडेबाराऐवजी सकाळी सात वाजता भरवावी असा विचार आहे. कारण, वर्गखोल्या कमी आहेत आणि दोन पाळ्या केल्याशिवाय सर्व मुले बसत नाहीत. हे अजून पक्के ठरलेले नाही. ज्यांच्या गावाहून त्या वेळेला गाडी नाही त्यांनी मार्चअखेर वर्गशिक्षकांना सांगावे किंवा निरोप धाडावा. नक्की काय ठरले ते एप्रिलच्या पालकसभेत सांगू.” यात अवघड शब्द एकही नाही. काय, केव्हापासून, कुणासाठी, का, किती ठरले आणि किती ठरायचे आहे, आणि तुम्ही कुणाला सांगायचे, एवढे सगळे आले. शिक्षकबंधूंनो, चिठ्ठी लिहून झाल्यावर ती शाळेच्या शिपायाला किंवा मावशींना मोठ्याने वाचून दाखवा आणि विचारा, “काय समजलं?” त्यांना समजली तर ती धाडावी.

आता हातोहाती मोबाईल आला आहे. शाळांचे व्हॉट्सॲपवर गट आहेत. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा या साधनानेच बराच आधार दिला, हे खरे. पण त्याच वेळी हेही दिसले, की कितीतरी घरांत फोन एकच असतो आणि तो बापाच्या खिशात कामावर जातो. सकाळी धाडलेला निरोप आईपर्यंत रात्री पोचतो, नाहीतर शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडला जातो. नंबर बदललेला असतो, रिचार्ज संपलेले असते. दिवाळीनंतर पाड्यावरची कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर कामाला निघून जातात. मुलगा वसतिगृहात, आईबाप दुसऱ्या तालुक्यात. त्यांना गटावरचा निरोप कुठला आणि फलकावरचा कागद कुठला? अशा घरासाठी मुकादमाकडे किंवा गावातल्या एखाद्या नातलगाकडे निरोप ठेवावा लागतो, आणि कोणाकडे ठेवावा हे ते घर निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे लागते.

म्हणजे एकाच वाटेवर भिस्त ठेवून चालत नाही. चिठ्ठी हवी, फोन हवा, चर्चमधली सूचना हवी. पण चर्चमध्ये जे सांगितले तेच त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर, दूध केंद्रावर, मच्छीमार सोसायटीच्या ओट्यावरही दिसायला हवे. नाहीतर इतर धर्मांच्या पालकांना वाटते, आपल्याला मुद्दाम मागून कळवले. तसे मनात नसले, तरी वाटते. आणि एकदा तसे वाटले की पुढची प्रत्येक गोष्ट त्याच चष्म्यातून दिसू लागते.

धर्मशिक्षणाच्या तासाविषयी तर फार मोकळेपणाने बोलावे. या शाळांत सहसा ख्रिस्ती मुलांसाठी धर्मशिक्षणाचा तास असतो आणि त्याच वेळी इतर मुलांसाठी मूल्यशिक्षणाचा. त्या तासाची वेळ बदलली, पुस्तक बदलले, तर एका वाक्यात सर्वांना सांगावे: कोणासाठी काय आहे, आणि त्यात काय शिकवले जाते. पुस्तक टेबलावर ठेवावे, ज्याला पाहायचे त्याने पाहावे. उघड्या पुस्तकाभोवती अफवा वाढत नाही.

पालकसभेचेही थोडे बोलू. सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवायची आणि “पालक येतच नाहीत हो!” अशी तक्रार करायची, हे बरोबर नाही. वसईची फुलवाली पहाटे लोकलने दादरला गेलेली असते, ती परत येते दुपारी. तिच्यासाठी सभा संध्याकाळची हवी. पाड्यावरच्या माणसांसाठी आठवड्याच्या बाजारादिवशी हवी, कारण त्या दिवशी ती खाली उतरतातच. सभेत फादर, सिस्टर, सर यांनी एक तास बोलायचे आणि शेवटी “कुणाला काही विचारायचे आहे का?” म्हणून घड्याळ पाहायचे, यालाही सभा म्हणता येणार नाही. चारशे माणसांत हात वर करायचा धीर किती जणांना होतो? त्यापेक्षा गावागावांप्रमाणे दहा-बारा जणांचे गोल करावेत, प्रत्येक गोलात एक शिक्षक बसवावा, आणि शिक्षकाने थोडे बोलून जास्त ऐकावे. बायका तिथे बोलतात. आणि येण्याजाण्याच्या, डब्याच्या, पोरींच्या अडचणी त्यांनाच ठाऊक असतात.

माणसांच्या भाषेत सांगण्याची ही रीत काही नवी नाही. टॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट धर्मगुरू गोव्यात आले. त्यांना आपल्या धर्माची गोष्ट इथल्या लोकांना सांगायची होती. ती त्यांनी लॅटिनमध्ये सांगितली नाही. इथली भाषा ते शिकले, इथल्या पुराणांची ओवी त्यांनी उचलली आणि मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूरला छापले गेले. ज्या परंपरेत एवढा मोठा ग्रंथ लोकांच्या ओवीत उतरला, त्या परंपरेतल्या शाळेला चार ओळींची चिठ्ठी लोकांच्या बोलीत लिहिणे जड जाऊ नये.

आता सर्वांत कठीण गोष्ट. काही बातम्या गोड करून सांगता येतच नाहीत. पट कमी झाला, संचमान्यतेत शिक्षकाचे पद गेले, एक तुकडी बंद होणार आहे. किंवा वसतिगृह चालवणे संस्थेला झेपत नाही, ते पुढच्या वर्षी बंद होणार आहे. अशा वेळी संस्थेचे लोक शेवटपर्यंत गप्प राहतात. त्यांच्या मनात पाप नसते. त्यांना वाटते, कुठूनतरी मदत येईल, कशाला आधी घबराट? पण बोर्डिंग बंद होणार हे एप्रिलच्या निकालाबरोबर कळले, तर नववी झालेल्या मुलीच्या बापाने दहावीसाठी दुसरे बोर्डिंग कुठे शोधायचे? सरकारी वसतिगृहाचा अर्ज, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, यांत महिने जातात. तोवर घरचे म्हणतात, “राहू दे आता. एक स्थळ आलंच आहे.” दहावीच्या उंबरठ्यावरची मुलगी अशी परत फिरते, आणि शाळेच्या दप्तरात तिच्यापुढे फक्त “गळती” असा शब्द लिहिला जातो.

हीच बातमी जानेवारीत सांगितली तर? राग येईल, आरडाओरडा होईल, कुणी संस्थेच्या दारात येऊन बसेल. येऊ द्यावे. त्या रागाबरोबर चार उपायही येतात. कुणी म्हणेल, दहावीच्या पोरींपुरते एक वर्ष तरी चालवा, तांदूळ आम्ही देतो. कुणी गावातच दोन खोल्या देऊ करील. काहीच जमले नाही, तरी प्रत्येक मुलीचे पुढे काय, याची यादी करायला पाच महिने मिळतील. संस्थेने त्या यादीतले शेवटचे नाव मार्गी लागेपर्यंत तिचा पाठपुरावा करावा. वसतिगृह बंद करणे तिच्या हाती असेल, पण त्या मुलींना वाऱ्यावर सोडणे तिला शोभत नाही.

आता दोन शब्द पालकांसाठी. सांगणे हे शाळेचे काम, तसे विचारणे हे आपले. फोनचा नंबर बदलला तर दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना द्या. कामासाठी गाव सोडताना निरोप कुणाकडे ठेवायचा ते सांगून जा. न वाचता सही करू नका आणि वाचता येत नसेल तर निःसंकोच म्हणा, “सर, जरा वाचून सांगा.” यात कमीपणा काही नाही. बाजारात काही कानावर आले तर ते पुढे सांगण्यापूर्वी शाळेत जाऊन विचारा. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर तिघे-चौघे मिळून जा. “फादरना कसं विचारायचं, सिस्टरांना काय वाटेल” असे मनात आणू नका. तुमचे ऐकून घ्यावे असे त्यांच्याच कायद्यात लिहिले आहे, हे तुम्ही आताच ऐकले. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. शाळा प्रत्येक वेळी तुमच्या मनासारखे करू शकणार नाही. खोल्या तेवढ्याच असतात, शिक्षक तेवढेच असतात, वरून हुकूम आलेला असतो. आपले म्हणणे ऐकले गेले आणि तरीही निर्णय वेगळा झाला, तर तो निभावण्यात आपणही हात लावावा.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. पुढच्या वेळी शाळेत काही बदलायचे ठरेल तेव्हा हजेरीपट घेऊन बसा आणि असे एक नाव शोधा, की ज्याच्या घरी हा निरोप सर्वांत शेवटी पोचेल. ते घर तुम्हाला माहीत असते. डोंगरापलीकडचे, भट्टीवर गेलेले किंवा आजीच्या आधारावर चाललेले. निरोपाची सुरुवात त्या घरापासून करा. तिथे पोचला म्हणजे बाकीच्यांना पोचलाच. आणि तिथून काय उत्तर आले ते मुख्याध्यापकांना सांगितल्याशिवाय बदलाच्या कागदावर शिक्का पडू देऊ नका.